वेदीवरचे होले

मोशेच्या नियमशास्त्रात काही अपराधांचं प्रायश्चित्त माणसाच्या ऐपतीवर सोडलेलं आहे. साक्ष द्यायची असताना गप्प बसणं, अविचाराने शपथ घेऊन बसणं, नकळत विटाळ होणं, असे ते अपराध. लेवीय या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात त्यांचा हिशेब आहे. कळपातली मेंढी किंवा शेळी देता येत असेल त्याने ती द्यावी. ती परवडत नसेल त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. तेवढंही जमणार नसेल त्याने एफाचा दहावा हिस्सा सपीठ आणावं, म्हणजे आपल्या दोनेक लिटरच्या मापाचं; त्यावर तेल घालू नये, धूप ठेवू नये. मेंढी, होले, सपीठ. या उतरंडीत मधे बसलेल्या पक्ष्याविषयी हे पुस्तक आहे.

होल्याला धर्मपरंपरेत काय अर्थ आहे असं विचारलं, तर बहुतेक जण प्रेम, निष्ठा, जोडीदाराची सोबत असं काहीतरी सांगतील. लग्नपत्रिकेवर चोचीला चोच लावून बसलेली जोडी असते ती याच समजुतीतून आलेली. समजूत चुकीची नाही, पण ती उशिराची आहे. जुने ग्रंथ वाचत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं की होल्याला पावित्र्य आलं ते आधी त्याच्या स्वस्ताईमुळे. निष्ठा, विरह, वैराग्य हे अर्थ मागाहून चढले, आणि ते चढवणाऱ्यांत संसार सोडलेल्यांचाच भरणा होता. पहिला अर्थ बाजारातला आहे. म्हणून पुस्तकाचा निम्माअधिक भाग मी त्यालाच दिला आहे. प्रेमाची प्रकरणं आधी वाचायची असतील त्यांनी खुशाल मधूनच सुरुवात करावी.

आधी पक्षी कोणता ते ठरवून टाकू. आपल्या अंगणात, विजेच्या तारेवर, गॅलरीतल्या कुंडीत दिसतात ते ठिपकेदार होला, कंठेरी होला आणि छोटा होला. बायबलमधला होला त्यांचा भाऊबंद, पण तो आपल्याकडे चुकूनमाकूनच येतो. हिब्रूत त्याला तोर म्हणतात, लॅटिनमध्ये तुर्तुर; तो घुमतो तसंच त्याचं नाव. पारव्यापेक्षा लहान आणि सडपातळ, पाठीवर काळ्या मध्याची तांबूस पिसं, मानेच्या दोन्ही बाजूंना काळ्या-पांढऱ्या रेघांचा ठसा, आणि उडताना उठून दिसणारी शेपटीची पांढरी किनार. हिवाळा तो सहाराच्या दक्षिणेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात काढतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळवंट ओलांडून उत्तरेला येतो, वीण करतो आणि पानगळीच्या सुमाराला परत जातो. प्रवास बहुतेक रात्रीचा. युरोपात वीण करणाऱ्या सगळ्या होल्या-पारव्यांत इतका लांबचा पल्ला मारणारा तो एकटाच.

या येण्याजाण्याची बायबलच्या लेखकांना चांगली माहिती होती. यिर्मया संदेष्टा लोकांना सुनावतो तेव्हा करकोच्याबरोबर होल्याचंही उदाहरण देतो: या पाखरांना आपल्या परतण्याची वेळ कळते, माझ्या लोकांना मात्र देवाचा न्याय कळत नाही. गीतरत्नात पाऊस सरून गेल्याच्या, फुलं आल्याच्या खुणांमध्ये होल्याचा आवाज येतो. तिथे गंमत अशी की प्रियकर प्रेयसीला हाक मारतो ती कपारीतली पारवी म्हणून. होला त्या प्रेमगीतात ऋतू सांगण्यापुरता आहे. पुढे शेकडो वर्षं धर्मोपदेशकांनी त्याच ओळीतल्या होल्याला प्रेमिक ठरवलं, त्याकडे आपण येऊच.

नियमशास्त्रात जवळजवळ सगळीकडे होले किंवा पारव्याची पिल्लं अशी जोडी येते. हा ‘किंवा’ बराचसा ऋतूंमुळे आलेला आहे. भर थंडीत बाळंत झालेल्या बाईने होला आणायचा कुठून? तो तेव्हा आफ्रिकेत असतो. पारवे मात्र खुराड्यात आणि डोंगरकपारींत जवळपास वर्षभर पिल्लं काढतात. यहुदी धर्मशास्त्राचा मिश्ना हा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्यात याचा आणखी बारकावा आहे. होले पूर्ण वाढलेलेच चालतात, पारवे कोवळेच चालतात, आणि पिसांवर पिवळेपणा येऊ लागण्याच्या मधल्या अवस्थेत दोन्ही बाद. वरवर हा सोवळ्याओवळ्याचा कीस वाटतो. पण रानातला होला जाळ्यात सापडतो तो मोठा झालेलाच, आणि पारव्याचं पिल्लू घरट्यातून उचलायचं असतं ते त्याला उडता येण्याआधीच. पारध्याला जे ठाऊक असतं तेच इथे नियम होऊन बसलं आहे.

ही जोडी कोणी आणायची? बाळंतिणीने. मुलगा झाला तर ४० दिवसांनी आणि मुलगी झाली तर ८० दिवसांनी तिने कोकरू आणि एक पक्षी आणावा. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी. महारोगातून उठलेल्या गरिबाने. बरेच दिवस स्राव होत राहिलेल्या पुरुषाने किंवा बाईने. व्रत चालू असताना जवळ अचानक कोणी मरण पावल्याने ज्याचं व्रत मोडलं, त्या नाजीर माणसाने. सगळी माणसं नुकतीच कशातून तरी बाहेर पडलेली, समाजात पुन्हा पाऊल टाकण्याच्या बेतात असलेली. त्यांच्यातल्या कित्येकांची आजारपणात कमाई बुडालेली असणार. दोन पक्ष्यांपैकी एक पापार्पण, एक होमार्पण. तेवढ्यावर त्यांचा मंदिराशी संबंध पुन्हा जुळायचा.

होमार्पणाचा विधी वाचायला सोपा नाही. याजकाने सुरी वापरायची नाही, अंगठ्याच्या नखाने मान मोडायची. रक्त वेदीच्या भिंतीवर निथळायचं. गळ्याखालची अन्नाची पिशवी काढून वेदीच्या पूर्वेला राखेच्या जागी टाकायची. मग पंखांशी पक्षी फाडायचा, पण दोन तुकडे करायचे नाहीत, आणि पिसांसकट विस्तवावर ठेवायचा. इथे ११ व्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी थांबतो. जळत्या पिसांच्या वासाने कोणालाही मळमळतं, मग पिसं काढून का टाकत नाहीत? राशी जुन्या मिद्राशाच्या, म्हणजे शास्त्रावरच्या यहुदी कथा-भाष्याच्या, आधाराने उत्तर देतो. पिसं काढली तर उरतो एवढासा जीव. गरिबाचं अर्पण वेदीवर भरलेलं, शोभिवंत दिसलं पाहिजे. त्यासाठी घाण वास सोसायचा. धर्मग्रंथांच्या भाष्यांत मी यापेक्षा माणुसकीचं वाक्य फार वाचलेलं नाही. वास सोसायचा तो याजकांनी, म्हणजे मंदिरातल्या वरच्या वर्गाने, हे ध्यानात घेतलं की त्याची धार कळते. मिश्ना तर असंही नोंदवतो की बैल, पक्षी आणि पीठ या तिन्हींच्या धुराला शास्त्राने सुवासाचा एकच शब्द वापरला आहे. थोडं दिलं काय, पुष्कळ दिलं काय, चित्त देवाकडे असलं म्हणजे झालं.

त्याच मिद्राशात अग्रिप्पा राजाची गोष्ट आहे. राजाच्या मनात आलं की एका दिवसात एक हजार होमार्पणं करावीत. त्याने प्रमुख याजकाला निरोप धाडला, आज दुसऱ्या कोणाचं काही स्वीकारू नका. तेवढ्यात एक गरीब माणूस दोन होले घेऊन आला. याजक म्हणाला, आज राजाची मनाई आहे. माणूस म्हणाला, महाराज, मी रोज चार होले धरतो. दोन देवाला वाहतो, दोनांवर माझं पोट भरतं. आज हे घेतले नाहीत तर माझ्या पोटावर पाय येईल. याजकाने ते घेतले. रात्री राजाला स्वप्नात दिसलं की एका गरिबाचं अर्पण त्याच्या हजारांच्या पुढे गेलं. त्याने याजकाला बोलावून जाब विचारला, हकीकत ऐकली आणि म्हणाला, तू केलंस ते बरोबर केलंस. मला या गोष्टीतलं स्वप्न फारसं भावत नाही. स्वप्नं सगळ्याच संतकथांत पडतात. मला भावतो तो गरिबाचा रोखठोक हिशेब. देव त्याचा धंद्यातला निम्म्याचा भागीदार आहे. ती भागी मोडली तर उद्याची शिकारही बिनसेल, अशी त्याची धास्ती आहे.

हिशेब मंदिराच्या बाजूनेही चोख होता. आवारात पैसे टाकायला १३ पेट्या होत्या, त्यांतली एक होल्यांच्या जोड्यांसाठी आणि एक होमार्पणाच्या पिल्लांसाठी. पक्ष्यांच्या विभागावर पेताहया नावाचा अधिकारी होता, आणि त्याला ७० भाषा येत असं मिश्ना सांगतो. ७० हा आकडा पुराणातला समजा. पण दूरदूरहून आलेल्या बाळंतिणी आणि नवसकरी ज्या खिडकीवर सर्वांत जास्त येणार, तिथे बहुभाषी माणूस बसवावा हे शहाणपण खरंच आहे. जैतुनाच्या डोंगरावर दोन देवदार होते, त्यांतल्या एकाखाली शुद्धीच्या वस्तूंची चार दुकानं होती आणि दुसऱ्यावरून पारव्यांची पिल्लं पोत्याच्या मापाने जात, अशीही एक आठवण तालमूदने, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथाने, जपली आहे. जेरुसलेममध्ये मंदिराच्या टेकडीच्या दक्षिणेला बेंजामिन माझार यांनी केलेल्या उत्खननात दगडी भांड्याचा एक तुकडा मिळाला. त्यावर कोर्बान, म्हणजे अर्पण, असा शब्द कोरलेला आहे आणि शेजारी दोन पाखरं, ओबडधोबड हाताने काढलेली.

जिथे बाजार आला तिथे भाववाढही आली. एकदा जेरुसलेममध्ये जोडीचा भाव सोन्याच्या दिनाराला जाऊन भिडला. सोन्याचा एक दिनार म्हणजे चांदीचे २५. रब्बान शिमोन बेन गमलिएल याने शपथ वाहिली की हा भाव चांदीच्या दिनारावर आल्याशिवाय आज रात्री झोपणार नाही. मग त्याने काय केलं? व्यापाऱ्यांना दटावलं नाही, छापे घातले नाहीत. तो न्यायसभेत गेला आणि शास्त्राचा असा अर्थ लावून दिला की पाच बाळंतपणांची अर्पणं राहून गेलेल्या बाईने एकच आणलं तरी ती शुद्ध होते. बाकीची तिच्यावर बंधनकारक नाहीत. मागणी कोसळली. त्याच दिवशी जोडी चांदीच्या दिनाराच्याही खाली, पाव-अर्ध्या दिनारावर आली. महागाईवरचा हा इलाज कोणत्याही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. धर्मशास्त्र वाकवून गरिबाची सोय करणारा पंडित दिसला की आपल्याला एकदम आधुनिक काळ आठवतो. हा मात्र पहिल्या शतकातला.

या पार्श्वभूमीवर लूकच्या शुभवर्तमानातलं एक छोटं वाक्य वाचावं. येशूच्या जन्मानंतर शुद्धीचे दिवस भरले तेव्हा मरिया आणि योसेफ त्याला घेऊन जेरुसलेमला गेले आणि होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं अर्पण करायची म्हणून नियमशास्त्राने सांगितलं आहे, त्याप्रमाणे अर्पण केलं. लूक गरिबी हा शब्द काढत नाही. कोकराचं नावही घेत नाही. ज्याला लेवीय माहीत आहे त्याला न सांगताच कळतं की हे कुटुंब मधल्या पायरीवरचं आहे. पुढे भाष्यकारांना पेच पडला की पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी सोनं आणून दिलं होतं ना, मग कोकरू का नाही? त्यातून ते लोक मागाहून आले असावेत असं अनुमान निघालं. चित्रकारांनी असा काथ्याकूट केला नाही. पादुआच्या छोट्या चॅपलमध्ये जोत्तोने १३०५ च्या सुमारास हा प्रसंग रंगवला; तेव्हापासून, आणि बायझंटाइन परंपरेत त्याच्याही आधीपासून, योसेफाच्या हातात दोन पाखरं ठरलेली. बिचाऱ्या योसेफाला त्या प्रसंगात दुसरं काही काम नसतं. दर २ फेब्रुवारीला हा सण येतो तेव्हा मेणबत्त्यांची मिरवणूक निघते आणि पाखरं चित्रातच राहतात.

तोच येशू मोठा होऊन मंदिरात येतो आणि सराफांचे चौरंग उलथतो, कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकी उलथतो. या प्रसंगावर प्रवचनं पुष्कळ झाली आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातली एक बारीक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. गुराढोरांना तो हाकलून लावतो, नाणी ओततो, पण पक्षी विकणाऱ्यांना तोंडी सांगतो की हे इथून उचला. पिंजरे त्याने फोडले नाहीत. यावर फार मोठा अर्थ रचायची माझी इच्छा नाही, पण ज्याच्या आईने तिथूनच जोडी घेतली असेल त्याच्याबद्दल हे वाचताना थांबायला होतं.

इ.स. ७० मध्ये रोमन फौजेने मंदिर जाळलं. वेदीच राहिली नाही, त्यामुळे होल्यांचं काम संपलं. यानंतर तो पक्षी ग्रंथांत आणि प्रार्थनांत शिरला, आणि तिथे त्याचे अर्थ बदलले. यहुद्यांकडे तो सतावलेल्यांचं रूप झाला. त्याची सुरुवात ७४ व्या स्तोत्रात आधीच झालेली होती: मंदिराच्या विध्वंसाचा शोक करताना कवी आपल्या लोकांना देवाचा होला म्हणतो आणि त्याला श्वापदांच्या तावडीत देऊ नकोस अशी विनवणी करतो. ज्या पक्ष्याची मान मंदिरात मोडली जायची तोच आता मंदिर गमावलेल्यांचं नाव झाला, हे उलटं फिरणं मला फार बोलकं वाटतं. तालमूदमधले रब्बी अबाहू म्हणतात की माणसाने छळणाऱ्यांत असू नये, छळले जाणाऱ्यांत असावं. पाखरांमध्ये होल्या-पारव्यांइतका पाठलाग कोणाचा होत नाही, आणि देवाने वेदीसाठी निवडले तेच. आपल्या कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे ना वेदी होती ना पक्षी. तिथे एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं मलिद्याचं ताट मांडतात. अभ्यासक त्याचा संबंध जुन्या अन्नार्पणाशी जोडतात, म्हणजे उतरंडीतल्या शेवटच्या पायरीशी.

ख्रिस्ती मंडळींनी वेगळी वाट धरली. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की होला एकाच जोडीदाराबरोबर राहतो. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने त्याला एकांतप्रिय म्हटलं आणि दैवी ज्ञानाचं प्रतीक केलं. माणसाळलेला पारवा त्याच्या लेखी मानवी ज्ञान. मग फिजिओलोगस नावाचं प्राण्यांच्या कथांचं ग्रीक पुस्तक निघालं, ते लॅटिनमध्ये गेलं आणि मध्ययुगभर त्याच्या आवृत्त्या होत राहिल्या. त्यात होल्याची मादी विधवा झाली की दुसरा घरोबा करत नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने सृष्टीच्या सहा दिवसांवर प्रवचनं दिली, त्यांत हाच दाखला विधवांना दिला. मिलानच्या अंब्रोजने तो उचलला. बाराव्या शतकात क्लेअरव्होचा बर्नार्ड गीतरत्नावर बोलायला बसला. त्याने ८६ प्रवचनं दिली आणि वारला तेव्हा तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभाला पोहोचला होता, यावरून त्याचा वेग समजावा. होल्याच्या आवाजावर त्याचं एक अख्खं प्रवचन आहे. तो घुमत नाही, कण्हतो. जोडीदार गेल्यावर एकटा राहतो. संन्याशाने त्याच्याकडून शिकावं. ऐकायला समोर मठातले ब्रह्मचारी होते.

पक्षिशास्त्र याला साथ देत नाही. हंगामापुरती जोडी घट्ट असते. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात आणि दोघंही आपल्या अन्नाच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव पिल्लांना भरवतात. याजक काढून टाकायचा तीच ही पिशवी. पण जोडीदार मेला तर होला उरलेलं आयुष्य सुकत बसत नाही, दुसरा शोधतो. बासिलच्या प्रवचनाला बसलेल्या एखाद्या तरुण विधवेला हे कोणी सांगायला हवं होतं. हा दाखला माद्यांवरच जास्त चालवला गेला, विधुरांना क्वचितच कोणी ऐकवला, हेही इथेच नोंदवून ठेवतो. नाताळच्या १२ दिवसांच्या इंग्रजी गाण्यातल्या दोन होल्यांना जुना आणि नवा करार म्हणण्याची पद्धत मात्र अगदी अलीकडची, विसाव्या शतकातली. तिला परंपरा म्हणण्यात अर्थ नाही.

मराठी वाचकाला इथे एकनाथ आठवतील. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो, त्यांत कपोत आहे. संस्कृतात कपोत म्हटलं की पारवाही आला आणि होलाही आला. कपोत आणि कपोती एकमेकांत इतकी गुंतलेली की क्षणभर विसंबत नाहीत. पिल्लं होतात, त्यांच्या बोबड्या आवाजाने दोघं वेडी होतात. एके दिवशी चाऱ्याला गेलेली असताना पारधी पिल्लं जाळ्यात धरतो. आई परत येते, ते पाहते आणि आपण होऊन जाळ्यात शिरते, मागोमाग बाप. पारधी सगळ्यांना घेऊन निघून जातो. अवधूत म्हणतो, मी यांच्याकडून शिकलो की आसक्ती कशी बुडवते. नाथांनी या स्कंधावरची १८,००० हून अधिक ओव्यांची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण केली, आणि सातव्या अध्यायात हा संसार असा रंगवला आहे की उपदेश येईपर्यंत आपण त्या घरट्यात रमून जातो.

बर्नार्ड आणि एकनाथ शेजारी ठेवून पाहा. एकीकडे मठात राहणारा ब्रह्मचारी, तो पाखराच्या दांपत्यनिष्ठेचे गोडवे गातो. दुसरीकडे पैठणचा गृहस्थाश्रमी संत, घरात बायको-मुलं आणि दारात रोजची पंगत, तो त्याच दांपत्यप्रेमापासून सावध करतो. बर्नार्डला होला मोहक वाटला कारण तो दूर होता. नाथांना त्याच्यातला धोका दिसला कारण घरट्याची ओढ त्यांना रोजची होती. हे माझं मत आहे, पुरावा देता येण्यासारखं काही नाही. पण कपोताच्या गोष्टीतली माया नाथांच्या ओव्यांत जशी उतरते तशी ती बाहेरून पाहणाऱ्याला उतरवता येणार नाही.

आपल्याकडे कपोताची गादी एकच नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो निर्ऋतीचा दूत म्हणून घरात शिरतो आणि त्याची शांत करावी लागते. महाभारतात तोच शिबी राजाच्या मांडीवर येऊन पडतो, आणि पाठलाग करणाऱ्या ससाण्याला त्याच्या वजनाइतकं मांस कापून देता देता राजाला स्वतःच तराजूत बसावं लागतं. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात ही कथा बौद्ध रूपात रंगवलेली आहे. अग्रिप्पाची हजार होमार्पणं आणि शिबीचं सगळं शरीर, दोन्ही एका पाखरापुढे हलकी पडतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचा पुरावा नाही आणि मी तसा दावा केलेला नाही; फक्त त्यांची प्रकरणं लागोपाठ ठेवली आहेत.

इस्लामी परंपरेला या पुस्तकात थोडीच पानं मिळाली, कारण तिथली प्रसिद्ध पाखरं पारवे आहेत. तरी अरबांची एक कथा टाळता आली नाही. नोहाच्या काळात हदील नावाचं एक पिल्लू ससाण्याने नेलं, आणि तेव्हापासून त्याच्या जातीची सगळी पाखरं त्यालाच रडत आहेत. फारसी कवितेतली फाख्ता घुमते ते कू कू, म्हणजे कुठे, कुठे. ग्रीकांची कथा याहून खट्याळ आहे. त्यांच्या कंठेरी होल्याचं घुमणं देकाओक्तो, म्हणजे अठरा, असं ऐकू येतं. वधस्तंभावरच्या येशूसाठी दूध घ्यायला आलेल्या शिपायाकडे १७ नाणी होती आणि म्हातारी १८ वर अडून बसली, ती अजून तोच भाव सांगते आहे. १८३८ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय बारसं झालं तेव्हा हा आकडा त्याच्या नावात कायमचा बसला. आपल्या शेतावर घुमतो तो हाच.

हा कंठेरी होला विसाव्या शतकात दक्षिण-पूर्वेकडून युरोपभर पसरला आणि १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये वीण करू लागला. बायबलमधल्या होल्याचं नेमकं उलटं झालं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून त्याची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २०१५ पासून तो जागतिक यादीत संकटाच्या वाटेवरचा पक्षी आहे. तणनाशकांनी शेतातली तणं गेली, तणांबरोबर त्यांच्या बिया गेल्या, आणि हंगामात दोन-तीनदा पिल्लं काढणारी जोडी एखाद्याच वेळेवर आली. झुडपांची कुंपणं तोडली गेली. वाटेत बंदुका आहेतच. माल्टा हे कडवं कॅथलिक बेट. आफ्रिकेतून दमून येणाऱ्या होल्यांवर वसंतात नेम धरण्याची तिथे जुनी हौस. २०१५ मध्ये यावर सार्वमत झालं आणि शिकारीचा पक्ष ५०.४ टक्के मतांनी तरला. होल्याची वसंतातली शिकार पुढे थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडली. फ्रान्स आणि स्पेनने २०२१ मध्ये शिकार बंद केली तेव्हा पश्चिमेकडच्या मार्गावरची संख्या सावरू लागली, म्हणजे उपाय होता आणि तो कोणाला ठाऊक नव्हता असं म्हणता येत नाही. यिर्मयाचा दाखला आता वेगळा वाचावा लागतो. पाखराला परतायची वेळ अजूनही कळते.

पुस्तकात काय नाही तेही सांगून ठेवतो. नोहाने तारवातून सोडलेलं कबूतर, बाप्तिस्म्याच्या वेळी उतरलेलं कबूतर, शांततेच्या भित्तिपत्रकावरचं कबूतर, ही सगळी मंडळी पारव्यांच्या घराण्यातली. त्यांच्यावर ग्रंथ पुष्कळ आहेत. होल्याचा वाटा त्यांनी आधीच बराच खाल्ला आहे, इथे त्यांना आणखी जागा द्यायची इच्छा नव्हती.

शेवटचं प्रकरण किन्नीम या मिश्नाच्या प्रबंधावर आहे. किन्नीम म्हणजे घरटी, म्हणजेच अर्पणाच्या जोड्या. तीन छोट्या अध्यायांत सगळी कोडी एकाच जातीची. दोन बायकांचे पक्षी एकमेकांत मिसळले. एक उडून पलीकडच्या थव्यात गेला, तिथून कोणीतरी परत आला. कोणता पापार्पणाचा आणि कोणता होमार्पणाचा ते आता सांगता येत नाही. किती चालतील, किती बाद? शेवटाकडे एक बाई येते. मुलगा झाला तर जोडी वाहीन असा नवस तिने केला होता, पण होले म्हणाली होती की पारवे हे तिला आठवत नाही. याजकालाही धड आठवत नाही. तिने आता किती पाखरं आणली म्हणजे ती नवसातून सुटेल, यावर मोठमोठे पंडित डोकं लावून बसतात. यात थोडी हिशेबाची आकडेमोड आहे, कागद-पेन्सिल जवळ असू द्या. अडलंच तर प्रकरणाच्या शेवटी उत्तरं दिली आहेत.